डिमेन्शिया झालेल्या आई-बाबांना सांभाळणारे, तुम्ही सुटी कशी काढता? (गोवा)

अबोली

नमस्कार मंडळी. गोव्यातल्यांकडून माहिती हवी आहे, पण बाहेरच्यांनीही जरूर लिहा.

बाबा ऐंशीला टेकलेत. पणजीला सरकारी नोकरीत होते. अल्झायमरचं निदान होऊन बराच काळ झाला. आई नाही. बाबा पर्वरीला आमच्याकडे असतात. मी नोकरी करते, नवऱ्याची फिरती, मुलगा बारावीला, भाऊ दुबईला.

डॉक्टर आणि औषधं व्यवस्थित चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. मला माझ्याबद्दल विचारायचं आहे आणि ते लिहितानाही थोडी लाज वाटतेय.

संध्याकाळी पाच वाजले की बाबा छत्री घेऊन फाटकाशी जातात. त्यांच्या लेखी आमचं घर म्हणजे ऑफिस, ते सुटलेलं असतं आणि मांडवीवरचा पूल पडलेला असतो. १९८६च्या जुलैत पूल कोसळला तेव्हा ते पणजीहून पलीकडच्या काठावर बेतीला फेरीबोटीने यायचे, पुढे नवा पूल होईपर्यंत. "पूल पडला गो, फेरी चुकतली म्हजी." आज तिथे तीन पूल उभे आहेत हे सांगून काही उपयोग नाही. पर्वरीतच असताना पर्वरीला जायचं म्हणून रडकुंडीला येतात. मग मी चप्पल घालते आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. पाऊस असला तरी.

हे मी करते, करीनही. पण रात्री ते पुन्हा पुन्हा उठतात, त्यामुळे ऑफिसात माझे डोळे मिटतात. मैत्रिणींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सहलीचे बेत चालतात, मी तो ग्रुप म्यूट केलाय. जो भेटतो तो सांगतो, "स्वतःची काळजी घे. योगा कर, छंद जोपास." कधी करू? योगा करताना बाबांना कोण बघणार ते कोणी सांगत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. तुम्ही सुटी कशी काढता? बाई ठेवली तर बाबा तिला घरात घेतील का? भावाकडे काय मागायचं?

डिचोलीकर

वाचतोय. आईचं नुकतंच सुरू झालंय. सध्या किल्ल्या आणि चष्म्यावर निभावतंय, पुढचं बघून पोटात गोळा येतो.

निवृत्त_सिस्टर

अबोली बाय, सरकारी इस्पितळात आयुष्य गेलं माझं, त्यातला बराच काळ वॉर्डात. नातेवाइकांना बाकावर बसल्या बसल्या झोपताना पुष्कळ पाहिलंय.

आधी रात्र बघू, कारण बाबा झोपले तरच तुम्ही झोपणार. हे उठणं हळूहळू वाढत गेलं की एकदम? चार दिवसांत एकदम गोंधळ वाढला तर आधी लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर ताप किंवा जळजळ नसतानाही भ्रम होऊ शकतो. बद्धकोष्ठ, कुठलं दुखणं, नवीन गोळी, हेही बघा. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनी या रुग्णांचा गोंधळ वाढतो, तेव्हा फार्मसीतून परस्पर आणून देऊ नका. डोनेपेझिल (अल्झायमरची गोळी) रात्री देत असाल आणि स्वप्नांनी दचकून उठत असतील तर ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. दुपारची झोप लांबू देऊ नका. चारनंतर चहा नको. आणि दिवे अंधार पडण्याआधी लावा. आपण गोव्यात तिन्हीसांजेला बल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) दिवा न लावता गप्पा मारत बसतो, सावल्या लांबतात, आणि या माणसांची घालमेल तेव्हाच वाढते.

झोपेच्या किंवा "शांत करणाऱ्या" गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने वाढवायच्या नाहीत. त्यांनी माणूस रात्री पडतो, मांडीचं हाड मोडतं, आणि मग खरी शिक्षा तुम्हालाच होते. मनोविकारावरची काही औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांना दिल्यास पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती डॉक्टर मोजून-मापून आणि थोड्या काळासाठीच देतात.

आता तुमचं. तुमचं बीपी शेवटचं कधी तपासलंत? बाबांच्या फाइलीत सगळं असेल, तुमची फाइल आहे का? बाबांना नेता त्याच दिवशी स्वतःचंही बीपी, साखर, थायरॉइड उरकून घ्या. आणि त्यांना पलंगावरून उठवताना काखेत हात घालून ओढू नका. आधी कडेला बसवायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, मग तुमचे गुडघे वाकवून उठवायचं. कंबर गेली तर घरात रुग्ण दोन.

बाईबद्दल दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, आता नातू आलाय.

जुना_गोंयकार

राग मानू नका, पण सुटी हा शब्द खटकला. आमच्या आजीला शेवटची काही वर्षं काहीच आठवत नव्हतं. आख्ख्या घराने तिला सांभाळलं. कोणी सुटी मागितली नाही की परकी बाई ठेवली नाही. आई-बापांचं करणं ही नोकरीतली ड्यूटी नव्हे.

माशेलची_सून

जुना_गोंयकार, "आख्ख्या घराने" म्हणजे नेमकं कोणी?

आमच्याही घरात भरपूर माणसं होती. चवथीला पंगतीवर पंगती उठायच्या. पण आजेसासूबाईंचे ओले कपडे न्हाणीत धुणारी माझी सासू एकटी. पुरुष संध्याकाळी येऊन "कशें आसा गो आजये?" विचारायचे, आजी हसायची, की झालं सांभाळणं. सासूबाईंना पुढे मधुमेह निघाला, तो किती जुना होता हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, कारण त्या काळात त्या स्वतःसाठी कधी दवाखान्यात गेल्याच नव्हत्या.

सुटी कोणी मागितली नाही हे खरंच. मागायला तोंड कुठे होतं?

डिचोलीकर

+१

जुना_गोंयकार

बरं. आई होती करणारी. आज ती असती तर विचारलं असतं.

पुस्तकी_किडा

या विषयावर गोव्यातच झालेलं एक काम फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहितो. पर्वरीत संगाथ ही संस्था आहे, १९९६ पासूनची. तिथल्या आणि डिमेन्शिया सोसायटी ऑफ गोवाच्या मंडळींनी केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गोव्यातली ८१ कुटुंबं घेतली होती. निम्म्यांच्या घरी सहा महिने साधारण पंधरवड्याला एक प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ता जायचा. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे. आजार काय आहे ते समजावायचा, त्रास देणाऱ्या वागण्याला कसं तोंड द्यायचं ते सांगायचा, बाकीच्या नातेवाइकांना कामाला लावायचा, आणि सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचा. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ.

निकाल वाचण्यासारखा आहे. रुग्णाची रोजची कामं करण्याची क्षमता किंवा त्याचं वागणं यात ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. फरक पडला तो सांभाळणाऱ्यांत. त्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, आणि रुग्णाच्या त्याच वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. म्हणजे अबोलीताई, बाबा रोज फेरी पकडायला निघतीलच. पण तुमच्यामागे कोणी उभं असेल तर त्याच पाच वाजण्याची धास्ती कमी होते, हे इथे मोजून दाखवलेलं आहे.

आपल्या देशात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्या घरांत कोणीतरी एक अबोली असणारच. माझं मत विचाराल तर सरकारने आणखी इमारती बांधण्याआधी असे पंधरवड्याला घरी जाणारे लोक नेमावेत. पण उद्घाटनाची फीत इमारतीलाच बांधता येते, माणसाला नाही.

तारवटी

दूर असलेल्या भावाच्या बाजूने लिहितो. मी जहाजावर असतो, घर कुठ्ठाळीच्या बाजूला, आई बहिणीकडे. पैसे पाठवत होतो आणि आपण आपलं केलं असं समजत होतो. बहीण फोनवर म्हणायची "सगळें बरें आसा." तिचा आवाज ऐकून तेवढं कळायला हवं होतं म्हणाल, पण जहाजावरून सॅटेलाइट फोनवर सगळ्यांचेच आवाज सारखे येतात.

मग एकदा तिने मला हिशेब पाठवला. मला वाटलं औषधांची बिलं. उघडून बघतो तर त्यात रुपये नव्हतेच, तास होते. वहीच्या पानाचा फोटो. सोमवार, पहाटे साडेतीन, कपडे बदलले. सकाळी आंघोळ, पाऊण तास. अकरा वाजता बँक, आई सोबत. दुपारी तोच प्रश्न. रात्री एक, दार वाजवते. असा आख्खा आठवडा. खाली लिहिलं होतं: "यातले तुझे कुठचे?"

भांडण नाही, रडणं नाही. तिने आधी शंभरदा रडून सांगितलं असतं तरी मी आणखी थोडे पैसे पाठवून मोकळा झालो असतो. तो कागद पाहून मला ठरवावंच लागलं. आता दुपारच्या बाईचा पगार माझ्या खात्यातून परस्पर जातो. कॉन्ट्रॅक्ट संपवून आलो की पहिले पंधरा दिवस आई माझ्याकडे, बहीण तेव्हा तिच्या घरी थांबतसुद्धा नाही, मैत्रिणीकडे सावंतवाडीला जाते. विमा, पेन्शन, डॉक्टरच्या अपॉइंटमेंट, डायपरची ऑनलाइन ऑर्डर हे सगळं मी बोटीवरून बघतो. हे दुबईहूनही जमतं.

अबोलीताई, भावाकडे मदत मागू नका. त्याच्यापुढे तासांची यादी ठेवा आणि विचारा.

अबोली

तारवटी, हे आज रात्रीच लिहायला घेते. रात्री जागीच असते म्हणा.

सिस्टर, बाईचं सांगा ना. आधी एक बोलावली होती. बाबांनी तिला पाहिलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "हिका कोणें आपयल्या? म्हजें पाकीट खंय?" (हिला कोणी बोलावलं? माझं पाकीट कुठे?) ती बिचारी चहाही न घेता गेली.

निवृत्त_सिस्टर

आले. नातू झोपला.

"तुम्हाला बघायला बाई ठेवलीय" असं तोंडावर सांगितलं की कुठलाही शहाणा माणूसही तिला हाकलेल. सुरुवातीला ती तुमच्याकडे येते, बाबांकडे नव्हे. तुमची ओळखीची, स्वयंपाकाला मदत करायला. तुम्ही घरात असताना थोडा वेळ. तिने बाबांना औषध देऊ नये, आंघोळीचं नाव काढू नये, त्यांच्या खोलीतल्या वस्तूंना हात लावू नये. बसावं, भाजी निवडावी. बाबांनाच काहीतरी विचारावं: "काका, ह्या पेपरांत कितें आयलां?" सरकारी माणूस ना? रद्दीचे कागद लावायला द्या, शिक्का-पेन द्या. ऑफिस आहे म्हणतायत तर असू दे ऑफिस. मग हळूहळू तुम्ही "जरा दुकानात जाऊन येते" सुरू करा.

पाकीट चोरलं म्हणाले तर "नाही चोरलं" म्हणून वाद घालायचा नाही. "चला शोधू." तसंच दुसरं पाकीट आणून ठेवा, आत दहा-वीसच्या नोटा.

आणि वेळ ठरलेली हवी. "अधूनमधून ये" असं सांगितलं की ती बाई कधीच येत नाही आणि तुम्ही कधीच जात नाही. वार आणि वेळ ठरवा, आणि त्या वेळेत घरातली तुंबलेली कामं काढायची नाहीत. हे मी दटावून सांगतेय. बायका काय करतात ठाऊक आहे, बाई आली की फ्रिज पुसायला घेतात.

वकिलीण

थोडं रुक्ष लिहिते, पण सांभाळणाऱ्याची झोप कागदपत्रांनीही उडते.

१) "बाबांची पॉवर ऑफ अटर्नी आहे" यावर निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधी पॉवर ऑफ अटर्नी कायद्याने संपते (करार कायदा १८७२, कलम २०१). ज्यांचं नुकतंच सुरू झालंय, उदाहरणार्थ डिचोलीकर, त्यांनी आईला समजतंय तोवर बँक खात्यात जोडनाव, नॉमिनी, मृत्युपत्र हे सगळं उरका. मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरचं क्षमतेचं प्रमाणपत्र जोडा. क्षमता गेल्यानंतर मिळकतीचं काही करायचं तर कोर्टाकडूनच अधिकार आणावा लागतो.

२) गोव्याचा वारसा कायदा वेगळा. मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो. मृत्युपत्राने आपल्या मर्जीने देता येतो तो उरलेला अर्धा. सेवा करणाऱ्या मुलीला काही जास्त द्यायची वडिलांची इच्छा असेल तर ती या अर्ध्यातून. "मी केलं, तर घर माझं" असं आपोआप होत नाही, आणि पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात. आई आधी वारली असेल तर तिच्या हिश्श्याचं इन्व्हेंतार (कोर्टातून होणारी वारसावाटणी) झालंय का तेही बघा.

३) आयकर: जुनी करप्रणाली घेतली असेल तर डिमेन्शियाच्या उपचारखर्चाची वजावट मिळते, ज्येष्ठांसाठी १ लाख रुपयांपर्यंत. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. ही भारतात निवासी असलेल्या करदात्यालाच मिळते, म्हणून अबोलीताईंच्या दुबईच्या भावाला नाही.

४) पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बाबांना बँकेच्या रांगेत उभं करू नका. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं.

फोंडेकर

कायद्यानंतर जरा आमच्या बाबांची गोष्ट. माझं नाव आठवत नाही, मला "मास्तर" म्हणतात. पण गेल्या चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायला घेतली तर खुर्ची ओढून खाली बसले आणि एकेक वस्तू हातात घेऊन नाव सांगू लागले. कांगलां. कवंडळां. आंबाडे. सुपारीचा शिपटा उलटा बांधत होतो तर माझ्या हातावर चापट मारली. तोरिंग मधोमध हवं म्हणून अडून बसले. धाकटी भुरगीं (मुलं) थक्क.

पण सांगायचं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं, घुमट-शामेळ वाजायला लागलं आणि बाबा कान झाकून खोलीत जाऊन बसले. एरवी अशा वेळी माझी बायको फुगड्या, नैवेद्य आणि बाबा अशा तिन्ही आघाड्यांवर. या वेळी आम्ही आधीच ठरवलं होतं. चवथीला घरात काका, आत्या, चुलतभाऊ असे रिकामे हात एरवी कधी मिळतात? दर दोन तासांनी बाबांजवळ एकजण, नावं माटवाच्या खांबावर चिकटवली. बायको दुपारी माडीवर जाऊन कडी लावून झोपली. आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. करू दे.

पाचवा_अंक

आईला जाऊन आता काळ लोटला, म्हणून लिहू शकतो. रात्री तिच्या उशाशी बसलो असताना "ही आता सुटली तर बरं" असं मनात यायचं. कोणाला सांगितलं नाही. वाटायचं आपल्याइतका नीच मुलगा नसेल. पुढे बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी भुवईही न उचलता सांगितलं की समोर बसणारे बहुतेक जण हेच सांगतात.

आपल्याकडे बांबोळीच्या त्या संस्थेचं नाव काढलं की लोक बिचकतात. मी स्वतःच्या झोपेसाठी गेलो होतो, केसपेपर माझ्या नावाचा. ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी १४४१६ लावावा. टेली-मानस, फुकट, चोवीस तास, सांभाळणाऱ्यांनीही बोलावं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

माशेलची_सून

थोडा वेळ ठेवून घेणाऱ्या जागांबद्दल कोणी लिहिलं नाही. आम्ही एका खासगी वृद्धाश्रमात विचारलं होतं. फोनवर "हो हो" म्हणाले, तिथे गेल्यावर "चालतं-फिरतं आणि समजतं असं माणूस असेल तरच." डिमेन्शिया म्हटल्यावर दार बंद. प्रोवेदोरियाचे (सरकारी मदत संस्थेचे) वृद्धाश्रम आहेत, पण मुलं असलेल्यांनी तिथे विचारायला जायलाही आपल्याकडे धीर लागतो. कुठेही जा, तीनच गोष्टी विचारा: रात्री किती माणसं असतात, रुग्ण बाहेर निघून जाऊ नये म्हणून काय करता, आणि मी न सांगता दुपारी आले तर आत घ्याल का. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो तिथून परत फिरा.

जुना_गोंयकार

पर्वरीहून मी जवळच राहतो, साल्वादोर द मुंदला. निवृत्त आहे. मीही मांडवीचा पूल पडला तेव्हा फेरीने जात होतो. अबोलीताईंची हरकत नसेल तर आठवड्यातून एकदा संध्याकाळी पाच वाजता येऊन बाबांबरोबर कोपऱ्यापर्यंत जाईन. माझ्याकडे छत्री आहे.

अबोली

हरकत कसली! मी मेसेज केलाय, बघा.

बाकी अपडेट: तासांची यादी भावाला पाठवली. सुरुवातीला निळ्या टिका आल्या आणि उत्तर नाही. मग आज फोन आला, त्याने पहिल्यांदाच विचारलं की रात्री किती वाजता उठतात. बाईचा पगार तो देणार, आणि पुढच्या सुटीत सासुरवाडीऐवजी आधी इथे येणार. हे मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. लघवी तपासायला दिली. माझं बीपी वाढलेलं निघालं, गोळी सुरू. बाई सोमवारपासून "माझ्याकडे" येतेय, भाजी निवडायला.

एकच राहिलं. फाटकाला अशी कुठची कडी लावू की बाबांना दिसणार नाही, पण आग वगैरे लागली तर आम्हाला चटकन उघडता येईल?

निवृत्त_सिस्टर

फाटकाला बाहेरून खालच्या बाजूला साधी सरकती कडी. ही माणसं डोळ्यांसमोर कुलूप शोधतात, वाकून बघत नाहीत. कुलूप घालू नका. आणि बाबांच्या शर्टाच्या आतून तुमचा फोन नंबर शिवून घ्या, खिशात ठेवलेली चिठ्ठी ते काढून टाकतात.